लोखंडी पुलाच्या पाठीवरचं ओझं

कापसाच्या हंगामात बंडी भरताना एक हिशेब आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यात असतो. बैलजोडी नुसता कापूस ओढत नाही, बंडीही ओढते. जाड लाकडाची, लोखंडी धाव चढवलेली जुनी बंडी रिकामी असली तरी बैलांचा जीव काढायची. पुढे लोखंडी पाइपाचा हलका साटा आला. बैल तेच, पांदणही तीच, पण एका खेपेत जिनिंगला पोचणारा कापूस वाढला.

जुन्या लोखंडी पुलांबद्दल मला जे सांगायचं आहे ते याच हिशेबात आहे. पूल थकला की आपण दोनच गोष्टी बोलतो: पाडून नवा बांधा, नाहीतर जड वाहनांना बंदीचा फलक लावा. तिसरी वाट फारशी कुणाच्या तोंडी येत नाही. ती म्हणजे पुलाची स्वतःची पाठ हलकी करणं, जड काँक्रीटचा स्लॅब काढून त्या जागी पोलादी सँडविच पॅनल बसवणं. जगात हे काम झालेलं आहे. विदर्भातल्या खेड्यांना जोडणाऱ्या पुलांसाठी ते का समजून घ्यावं, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी पूल उभा कशाच्या जोरावर राहतो ते पाहू. दोन्ही बाजूंना तिरप्या-उभ्या लोखंडी पट्ट्यांची जाळी असते त्याला इंजिनिअर ट्रस म्हणतात. आपले सुतार आणि फॅब्रिकेशनवाले त्यालाच कैची म्हणतात. जिनिंगच्या छपराखाली दिसते ती कैची, आणि पुलाला असते तीही त्याच जातीची. तिची सगळी करामत त्रिकोणात आहे. खात्री करायची असेल तर चार पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, घेऊन सुतळीने चौकोन बांधा आणि एका कोपऱ्यावर दाबा. चौकोन लगेच कलंडतो. तीन पऱ्हाट्यांचा त्रिकोण बांधून दाबा, तो हलत नाही. पऱ्हाटी मोडेल, पण आकार बदलणार नाही. कैचीत असे त्रिकोण ओळीने जोडलेले असतात, म्हणून प्रत्येक पट्टीला एकतर ताण सोसायचा असतो नाहीतर दाब. वाकण्याचं काम तिच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. वाकण्यापेक्षा ताण-दाब सोसणं लोखंडाला सोपं जातं, त्यामुळे थोड्या लोखंडात लांब पूल होतो.

आता चाकाचं वजन कैचीपर्यंत पोचतं कसं? घराचा स्लॅब पडतो त्या दिवशी घमेल्यांची रांग लागते, या हातातून त्या हातात. पुलावरही तशीच रांग आहे. चाक टेकतं स्लॅबवर. स्लॅब ते वजन लांबीच्या दिशेने टाकलेल्या बारीक तुळयांना देतो, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. स्ट्रिंगर देतात आडव्या, मोठ्या क्रॉस गर्डरला. क्रॉस गर्डर ते दोन्ही टोकांना कैचीच्या सांध्यांवर सोपवतो, कैची बेअरिंगवर, म्हणजे तिची टोकं ज्या आधारांवर टेकतात त्यांवर, आणि बेअरिंग खांबांवर. रांगेतला एक हात जरी निसटला तरी घमेलं खाली पडतं. म्हणून नुसती कैची भक्कम आहे म्हणून पूल भक्कम, असं म्हणता येत नाही.

या रांगेतून वजनं दोन प्रकारची जातात. एक येतं-जातं: एसटी, ट्रॅक्टर, रेतीचा टिप्पर. दुसरं कधीच उतरत नाही, ते पुलाचं स्वतःचं वजन. रात्री दोन वाजता पुलावर चिटपाखरू नसतं तेव्हाही कैची हे दुसरं वजन पेलूनच उभी असते. आणि त्यात सर्वांत मोठा वाटेकरी लोखंड नसतं, वरचा स्लॅब आणि त्यावरचं डांबर असतं.

मी पुलांच्या तपासणीचं काम करतो. वर्धा नदीला मिळणाऱ्या एका छोट्या नदीवर तीस मीटर लांबीचा एक जुना कैचीचा पूल आहे, त्याच्या पलीकडे सात-आठ गावं. तिथे आम्ही रस्त्याच्या थराला भोक पाडून नळीसारखा तुकडा काढला, त्याला कोअर म्हणतात. नकाशात डांबर पाच सेंटिमीटर दाखवलं होतं. कोअर हातात आला तेव्हा डांबर सतरा सेंटिमीटर भरलं. भाकरीचे पापुद्रे मोजावेत तसे थर मोजता येत होते. खालचा थर राखाडी आणि ठिसूळ, मग मधे मातीची बारीक रेघ, पुन्हा काळा थर, वर त्याहून काळा. जेव्हा जेव्हा खड्डे पडले तेव्हा तेव्हा जुनं न खरवडता वर नवं टाकलं गेलं होतं. रस्ता गुळगुळीत झाला की गावाला आनंद होतो, आणि तो चुकीचा नाही. पण पुलावर डांबराचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे २३ किलो. वरचे बारा सेंटिमीटर नकाशात नसलेले. पूल तीस मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद, म्हणजे १६५ चौरस मीटर. गुणाकार केला तर सुमारे ४५ टन. भरलेला दहाचाकी ट्रक आणि त्याच्यामागे आणखी एक लहान टिप्पर, कायमचे पुलावर उभे करून ठेवल्यासारखे.

तिथे बंडी थांबवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "बैलं थकले का आधी बंडी हलकी करा लागते भाऊ. बैलायले मारून काय होते?" इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही वर्गात ऐकली नव्हती.

हे वाढीव वजन किती महागात पडू शकतं त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिनिआपोलिस शहरातला मिसिसिपी नदीवरचा कैचीचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळी वाहनांसकट कोसळला, १३ माणसं गेली. चौकशीत मूळ दोष सापडला तो सांध्यांवरच्या गसेट प्लेटमध्ये. तिरप्या-उभ्या पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथली ती जोडप्लेट जेवढी जाड हवी होती त्याच्या निम्मीच घेतली गेली होती. पण चाळीस वर्षं पूल चाललाच होता ना? मधल्या काळात १९७७ मध्ये वर सुमारे पाच सेंटिमीटर काँक्रीटचा थर वाढला, १९९८ मध्ये कठडे बदलून आणखी वजन वाढलं, आणि त्या दिवशी तर दुरुस्तीची खडी आणि यंत्रं पुलावरच रचून ठेवली होती. कमकुवत सांध्यावर एकेक घमेलं वाढत गेलं.

आपल्या शेजारचं उदाहरण गुजरातेतल्या मोरबीचं, ३० ऑक्टोबर २०२२. तो झुलता पूल होता, कैचीचा नव्हे, पण मुद्दा तोच. विशेष तपास पथकाच्या अहवालानुसार मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या, आणि नूतनीकरणात सुट्या लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे सलग पत्रे बसवल्याने पुलाचं वजन वाढलं होतं. ॲल्युमिनियम तर हलका धातू! म्हणजे वस्तू हलकी असून भागत नाही. चौरस मीटरमागे किलो किती, हे काट्यावर आणि कागदावर दोन्हीकडे पाहावं लागतं.

आता पॅनलकडे येऊ.

कल्पना साधी आहे. पोलादाचे दोन पातळ पत्रे, मधे पोकळी, कडेने पट्ट्या वेल्ड करून बंद केलेली पेटी. त्या पोकळीत पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिकच्या जातीचं रसायन द्रवरूपात सोडतात. ते काही तासांत घट्ट होतं आणि दोन्ही पत्र्यांना पक्कं चिकटतं. हा गाभा गादीतल्या फोमसारखा मऊ नसतो, भरीव आणि टणक असतो. हे तंत्र आधी जहाजांसाठी विकसित झालं आणि मग पुलांकडे आलं.

पातळ पत्रे टिप्परचं चाक कसं पेलणार, ही शंका रास्त आहे. उत्तर मेळघाटच्या बांबूत आहे. बांबू आतून पोकळ असतो तरी तेवढ्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा कमी वाकतो, कारण त्याचा सगळा माल मध्यापासून दूर, काठावर आहे. वाकण्याला विरोध करताना मधला माल फारसा कामाचा नसतो, काठावरचा असतो. सहा-सहा मिलिमीटरचे दोन पत्रे एकजीव करून बारा मिलिमीटरचा एक पत्रा केला, तर त्याचा एक ताठपणा असतो. तेच दोन पत्रे ३८ मिलिमीटरच्या गाभ्याने दूर ठेवले आणि गाभा घट्ट चिकटलेला राहिला, तर कागदावर ताठपणा सुमारे ४० पट होतो. पोलाद तेवढंच. गाभ्याच्या लवचिकपणामुळे प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, तरी फरक प्रचंड राहतो.

वजन पाहा. असं पॅनल चौरस मीटरमागे साधारण १४० किलो भरतं. त्यावरचा खरखरीत लेप, बोल्ट, आधाराच्या पट्ट्या धरून सढळ हाताने २०० किलो म्हणू. आमच्या पुलावर वीस सेंटिमीटरचा काँक्रीट स्लॅब, म्हणजे ५०० किलो, आणि सतरा सेंटिमीटर डांबर, म्हणजे ३९० किलो. बेरीज ८९०. अख्ख्या पुलावर १४७ टन. पॅनल बसवले तर ३३ टन. फरक ११४ टनांचा.

२८.५ टन ही तीन आसांच्या, म्हणजे दहाचाकी ट्रकची कायद्याने मान्य भारमर्यादा. ११४ टन म्हणजे असे चार भरलेले ट्रक. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण गैरसमज इथेच होतो. चार ट्रकांचं वजन उतरलं याचा अर्थ चार ट्रक जास्तीचे एकाच वेळी चालवता येतील असा होत नाही. उभं वजन आणि धावतं वजन यांत फरक असतो. धावतं चाक आदळतं, हादरा देतं आणि दिवसाला शेकडो वेळा येऊन लोखंडाला थकवतं. शिवाय कैचीवरचं ओझं कमी झालं तरी चाकाखालच्या स्ट्रिंगरला प्रत्येक आसाचा भार सोसावाच लागतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, ती जुन्या पुलांना विचारून नव्हे. त्यामुळे किती टनांना परवानगी द्यायची हे नव्याने गणित करूनच ठरवावं लागतं. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ३७ ही मार्गदर्शिका आहे.

पॅनल नुसतं वर ठेवायचं नसतं. नाल्यावर दोन फळ्या एकावर एक टाकून चालून पाहा. फळ्या वाकताना टोकाशी एकमेकींवरून सरकतात. त्याच फळ्या जागोजागी खिळ्यांनी जोडा, सरकणं थांबतं आणि दोन्ही मिळून एका जाड फळीसारख्या वागतात. पॅनल आणि खालच्या तुळया बोल्टने घट्ट जोडल्या की हेच होतं. म्हणून याला कंपोझिट, संयुक्त, म्हणतात. पॅनल स्ट्रिंगरचं ओझं कमी करतं आणि वर त्याला मदतही करतं.

आणखी एक फायदा वजनाइतकाच मोठा आहे, पण रस्त्यावरून दिसत नाही. त्यासाठी पुलाखाली उतरावं लागतं. स्लॅबला तडे गेले की पावसाचं पाणी झिरपून थेट स्ट्रिंगरच्या डोक्यावर पडतं. आमच्या पुलाखाली मी हातोडीने ठोकत गेलो. काही ठिकाणी "ठण्ण" असा स्वच्छ आवाज आला. जिथे तड्यातलं पाणी वर्षानुवर्षं टपकत होतं तिथे "थप" असा मेलेला आवाज, आणि हातोडीसोबत तळहाताएवढा पापुद्रा खाली आला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन प्लेटांच्या फटीत शिरला की तो पाचरीसारखा त्यांना फाकवतो. डेक, म्हणजे ज्यावरून वाहनं जातात तो पुलाचा वरचा भाग, हे खरं तर कैचीचं छप्पर आहे. छप्पर गळकं असेल तर घराच्या वाशांना रंग लावून काय उपयोग? पॅनल एकमेकांना वेल्डने नीट जोडले तर वरून पाणी गळायला फट उरत नाही.

याचा अनुभव कुठे आहे? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात २००३ मध्ये शेनली नावाच्या छोट्या पुलावर हे सँडविच डेक पहिल्यांदा बसलं. त्याच देशातल्या एडमंटन शहरात १९१२ सालचा डॉसन पूल आहे, कैचीचा, एके काळी कोळशाची वाहतूक करणारा. २०१० मध्ये तो बंद ठेवून त्याचा डेक अशा पॅनलांनी बदलला गेला. वणी-चंद्रपूरच्या लोकांना कोळशाचा पूल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

डेक हलका करण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा काँक्रीट स्लॅब समुद्राच्या खाऱ्या धुक्याने सडला, तेव्हा १९८२ ते १९८६ दरम्यान तो काढून पोलादी डेक बसवला. काम ४०१ रात्रींत झालं, दिवसा वाहतूक चालू. पुलाचं वजन अकरा हजार टनांहून अधिक कमी झालं. तिथे सँडविच नव्हतं. एकाच जाड पत्र्याला खालून फासळ्या वेल्ड केलेल्या होत्या. तो प्रकार आजही मोठ्या पुलांना वापरतात. त्याची दुखरी नस म्हणजे फासळ्यांच्या असंख्य वेल्डिंगना वारंवारच्या भाराने जाणारे तडे. सँडविचमध्ये फासळ्यांची गरज बरीच कमी होते, म्हणून छोट्या पुलांसाठी मला ते जास्त पटतं.

पण कॅनडाचा उपाय उचलून आपल्याकडे तसाच ठेवता येणार नाही. आपला मे महिना तिथे नाही.

चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात हवेचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं, तेव्हा उन्हातला पोलादी पत्रा ६० अंशांपलीकडे तापतो. पॉलियुरेथेन तापलं की त्याचा ताठपणा उतरतो. म्हणून गणित नुसत्या सरासरी तापमानाला करून चालत नाही, आपल्या तापलेल्या पत्र्याला करावं लागतं. त्यावर डांबर टाकलं तर तेही मऊ पडून चाकाबरोबर सरकतं. त्यापेक्षा इपॉक्सीत कठीण खडीची कच मिसळून केलेला पातळ लेप बरा. तो वजनालाही हलका. आणि लोखंड तापलं की लांबतं: हिवाळ्याच्या पहाटेचे आठ अंश ते उन्हाळ्याच्या दुपारचे साठ, एवढ्या फरकात तीस मीटरचा पूल जवळपास दोन सेंटिमीटर लांबी बदलतो. ही हालचाल बेअरिंगने होऊ द्यायची असते. आमच्या पुलाचं एक बेअरिंग काळ्या मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत इतकं गाडलं गेलं होतं की ते साफ करायला दोन माणसांना अर्धा दिवस लागला. नवीन डेकआधी ही साफसफाई झाली नाही तर लांबणारा पूल खांबालाच रेटत राहतो.

मग बैलांचा प्रश्न. हा मी फार महत्त्वाचा मानतो, कारण परदेशी पुस्तकात तो सापडत नाही. हलक्या डेकचा एक स्वस्त प्रकार म्हणजे लोखंडी जाळी. त्यात पाणी थेट खाली जातं, आणि बैलाचा खूरही अडकतो. ज्या पुलावरून रोज बंड्या, गुरं आणि शेळ्यांचे कळप जातात तिथे जाळी नकोच. सपाट पॅनलवरही नाल ठोकलेला खूर ओल्या पत्र्यावरून घसरतो. म्हणून तो खरखरीत लेप ट्रकइतकाच बैलांसाठी लागतो, आणि झिजला की वेळेवर पुन्हा लावावा लागतो. हा देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

पुराचंही पाहावं लागतं. आपले कितीतरी पूल पुराच्या पाण्याला फार उंच नाहीत. जड स्लॅब निदान स्वतःच्या वजनाने बसून राहतो. हलक्या डेकला पाण्याचा लोंढा, वाहून आलेली झाडं आणि खालून येणारा रेटा उचलू शकतात. पॅनल आणि तुळया यांचे बोल्ट वरच्या भारासोबत या उलट्या ओढीसाठीही मोजावे लागतात. पाणी डेकपर्यंत नेहमी येत असेल तर हा उपाय तिथे बसत नाही, पूल उंचच करावा लागेल.

आणखी कुठे बसत नाही? खांबाच्या पायाखालची माती पुराने खरवडली असेल, गसेट प्लेट गंजून निम्मी झाली असेल, दाबाच्या पट्ट्या ट्रकच्या धडकेने वाकल्या असतील, तर वरचं छप्पर बदलून घर वाचत नाही. आधी सांधे आणि पाया, मग पॅनल. आणि पॅनल काँक्रीटपेक्षा महागच पडतं. ते परवडतं तेव्हा, जेव्हा त्याच्यामुळे जुने खांब आणि कैची वाचतात आणि पूल वर्षभर बंद ठेवावा लागत नाही. पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीला तीस किलोमीटरचा फेरा पडतो तेव्हा त्याची किंमत अंदाजपत्रकात लिहिलेली नसते, पण ती मोजली जातेच.

काम करताना घाईला जागा नाही. कापूस घरात आल्यावर, साधारण फेब्रुवारीपासून पावसाळ्याआधीपर्यंतचा काळ योग्य. जुना स्लॅब करवतीने तुकड्या-तुकड्याने कापायचा. मोठ्या ब्रेकरने ठोकत बसलं तर जुन्या रिव्हेटांना हादरे बसतात. निघालेला मलबा पुलावर साठवायचा नाही, मिनिआपोलिसची खडी आठवायची. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, हा क्रम इंजिनिअरने लिहून दिलेला हवा, कारण एका बाजूचंच वजन उतरलं तर कैची वेडीवाकडी ताणली जाते. आणि वजन उतरतं तसा पूल वर येतो. डोळ्याला दिसत नाही, पण लेव्हल यंत्राला दिसतं.

आमच्या पुलावर पॅनलचा निर्णय अजून व्हायचा आहे. पण गेल्या मार्चमध्ये वरचे बारा सेंटिमीटर डांबर खरवडून काढलं. काम सुरू होण्याआधी पहाटे आणि संपल्यावर पुन्हा पहाटे, ऊन चढायच्या आत, मी मधल्या सांध्याची पातळी घेतली. आकडा पाहून विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यांदा यंत्र लावलं. तोच आला. पूल मधोमध सात मिलिमीटर वर उचलला गेला होता.